सहावा गठ्ठा

सरकारी कचेरीला नावे ठेवणे सोपे. पण जुने काय फेकायचे हे तिला संगणकवाल्यांच्या कितीतरी आधी उमगले होते. अभिलेखांचे वर्ग ठरलेले: ‘अ’ कायमचा, ‘ब’ 30 वर्षांचा, ‘ड’ वर्षभराचा. सहा गठ्ठे पद्धतीत तर नष्ट करायच्या कागदांना स्वतंत्र गठ्ठाच. (तो कपाटावर पिढ्यानपिढ्या सुखरूप राहतो, हा भाग वेगळा.)

कार्यालय कुठलेही असो, डेटाबेसचा बॅकअप मात्र ‘ड’ वर्गात जातच नाही. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘हा पुसू नये’. रोज रात्री एक प्रत जन्मते, डिस्क भरते आणि एका पहाटे जागेअभावी नवी प्रतच निघत नाही. 2019ची दिवाळी शाबूत, कालचा दिवस गायब!

शिवाय जपलेले उघडते का, हे पाहणे शिष्टाचारात बसत नाही. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीने 31 जानेवारी 2017 रोजी पाहिले, तेही चुकून सुमारे 300 जीबी पुसल्यावर. बॅकअपच्या व्यवस्था अनेक होत्या, ऐनवेळी कामाची एकही नाही. अब्रू राखली ती सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढलेल्या एका प्रतीने.

इकडे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे, म्हणजे सर्ट-इनचे, 2022चे निर्देश सांगतात, लॉग 180 दिवस ठेवा. 2023चा डेटा संरक्षण कायदा म्हणतो, काम संपले की वैयक्तिक माहिती पुसा. काय ठेवायचे, काय पुसायचे, यासाठी आमच्याकडे समिती नेमली जाते. तिच्या इतिवृत्ताचा बॅकअप रोज रात्री दोन वाजता निघतो.