चार्जिंगवरचे चिरंजीव

आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक चिरंजीव राहतात. वय एकोणीस, शिक्षण चालू, चार्जिंग बावीस टक्के. यातला तिसरा आकडा महत्त्वाचा. कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी भिंतीवरच्या पॉइंटवर जाते, मग माणसांवर. एकदा आमच्याकडे आले आणि चालू वॉशिंग मशीनची पिन काढून फोन लावून बसले. "काका, पाचच मिनिटं!" आमचे कपडे तासभर फेसात.

हल्लीची पोरं सारखी फोनवर बोलतात, असं म्हणणाऱ्यांनी चिरंजीव पाहिलेले नाहीत. ते बोलतच नाहीत. फोन वाजला की त्यांचा चेहरा पडतो. तो वाजून वाजून थांबेपर्यंत धीर धरतात आणि मग टाइप करतात, 'बोल ना.' वडिलांना हे झेपत नाही. 1995 साली आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा आलेला फोन उचलायचेही पैसे पडत. ते बंद झाले 2003 मध्ये. या गृहस्थांनी मिस्ड कॉलवर संसार उभा केला. एक मिस्ड कॉल म्हणजे निघालो, दोन म्हणजे कोथिंबीर घेतली. फुकटचा फोन कुणी वाजू देतं, हे त्यांना पटावं तरी कसं?

दिवसाचा दीड जीबी दुपारी चारला आटोपतो. एरवी 'ए बाबा' म्हणणारे चिरंजीव मग 'अहो बाबा, हॉटस्पॉट द्या ना' वर येतात. रात्री बाराला नवा डेटा मिळतो, म्हणून जागतात. पोरगं अभ्यास करतंय अशी आईची समजूत बारावीपर्यंत होती.

खरी निष्ठा पाहायची तर त्यांची 'स्ट्रीक' पाहा. स्नॅपचॅटवर रोज एकमेकांना फोटो धाडायचा. चोवीस तासांत खंड पडला की सगळी पुण्याई शून्य. फोटो कशाचा? छताचा, उशीचा, स्वतःच्या अर्ध्या कपाळाचा. या व्रताला उद्यापन नाही. राजगडावर रेंज मिळेल न मिळेल, म्हणून ट्रेकला निघताना ते पासवर्ड मित्राच्या हवाली करून गेले. आईला कपाट उघडू न देणारा मुलगा!

त्यांचं आजोळ सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव. 2022 मध्ये या गावाने ठरवलं की, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. चिरंजीव सुट्टीत तिथे गेले तेव्हा आईने मनोमन देवाला हात जोडले. साडेआठनंतर त्यांचा मेसेज आला, 'आई, भारी आहे गाव. दीड तासात एक टक्कासुद्धा उतरला नाही.'

एवढं असूनही आमची सोसायटी त्यांच्यावर चालते, हे सांगायला हवं. वीजबिल, गॅसचं बुकिंग, आजोबांचा हयातीचा दाखला, सगळं तेच करतात. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं तत्काळ बुकिंग उघडतं, तेव्हा कालपर्यंत 'मोबाइलने पिढी बिघडवली' म्हणणारे सगळे त्यांच्या दारात चपला काढून उभे असतात. तुम्हालाही तिकीट हवं असेल तर ओटीपी येणारा फोन सोबत आणा. येण्याआधी चिरंजीवांना कळवा, पण कृपा करून फोन करू नका. मेसेज टाका.