ट्वायलाइटवाली

‘ट्वायलाइट’ हे अगदी भिकार पुस्तक आहे, असं जी ठासून सांगते तिला त्याचे चारही भाग पाठ असतात. हा नियम मी आमच्या भाचीवरून बांधला आणि मग तिच्या मैत्रिणी, एका मैत्रिणीची नणंद, ऑफिसातल्या दोघीतिघी यांच्यावर ताडून पाहिला. कुठे फसला नाही. नुसतंच न आवडलेलं पुस्तक माणूस विसरून जातो. हिला बेलाच्या गाडीचा रंग, एडवर्डचं जन्मसाल आणि कोणत्या भागात कोण कोणावर किती पानं रुसलं होतं, हे सगळं आठवतं.

ज्यांच्या घरात २००८ ते २०१२ या काळात कॉलेजात जाणारी मुलगी नव्हती, अशा भाग्यवंतांसाठी कथा थोडक्यात सांगतो. बेला स्वान ही सतरा वर्षांची मुलगी फीनिक्सच्या रणरणत्या उन्हातून वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स नावाच्या ओल्याचिंब गावात वडिलांकडे राहायला येते. जीवशास्त्राच्या वर्गात तिच्या बाकावर एडवर्ड कलन. दिसायला सतरा वर्षांचा, पण जन्म १९०१चा. १९१८ साली शिकागोत फ्लूच्या साथीत मरायला टेकला असताना एका डॉक्टरने त्याला चावून व्हॅम्पायर केलं. तेव्हापासून तो गावं बदलून पुन्हा पुन्हा शाळेत जातो. तो आणि त्याच्या घरचे माणसांऐवजी जनावरांचं रक्त पितात आणि म्हणून स्वतःला ‘शाकाहारी’ म्हणवतात. उन्हात गेल्यावर तो जळत नाही, चमचमतो. दुसरा उमेदवार जेकब. तो लांडगा होतो. २००५ ते २००८ या चार वर्षांत चार जाडजूड भाग निघाले आणि दहा कोटींच्या वर प्रती खपल्या.

लेखिका स्टेफनी मेयर, अ‍ॅरिझोनातली तीन मुलांची आई. जून २००३मध्ये तिला स्वप्न पडलं, त्यात एक मुलगी आणि एक चमचमता व्हॅम्पायर कुरणात बोलत बसले होते. तीन महिन्यांत कादंबरी पुरी झाली. गाव निवडताना तिला अमेरिकेतली सर्वांत पावसाळी जागा हवी होती, ती तिने इंटरनेटवर शोधली आणि गाव न पाहताच लिहायला घेतलं. फोर्क्सला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या आंबोलीत याच्या दुपटीहून जास्त पडतो आणि तिथे अजून एकही व्हॅम्पायर राहायला आलेला नाही.

भाचीने पहिला भाग अकरावीत वाचला. काळं मुखपृष्ठ, त्यावर दोन गोऱ्यापान हातांत धरलेलं लाल सफरचंद. प्रत फूटपाथवरची, पायरेटेड. ओळी तिरक्या, शाई बोटांना लागणारी. दोन दिवसांत पुस्तक संपलं आणि ती दुसऱ्या भागासाठी पुन्हा फूटपाथवर हजर झाली. दुसऱ्या भागात एडवर्ड बेलाला सोडून जातो. त्यानंतरच्या पानांवर फक्त महिन्याचं नाव आहे. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. बाकी कोरं. ते बेलाचं दुःख. पण पायरेटेड पुस्तक घेणाऱ्याला कोऱ्या पानाचा एकच अर्थ ठाऊक असतो. भाची तणतणत विक्रेत्याकडे गेली. त्याने निमूटपणे दुसरी प्रत काढली, तीही तशीच. तिसरीही तशीच. शेवटी तो म्हणाला, “ताई, सगळा लॉटच असा आलाय. दहा रुपये परत घ्या.” दहा रुपये घेऊन ती घरी आली, पुढचं वाचलं, मग उलगडा झाला आणि रात्रभर रडली. या चार पानांसारखं लेखन इंग्रजीत दुसरं नाही, असं तिचं तेव्हाचं मत होतं. पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर ती म्हणू लागली, “बाईंचं सगळ्यात चांगलं लेखन त्या चार पानांत आहे, कारण त्यात काही लिहिलेलंच नाही.” पानं तीच होती.

पोरगी दार लावून वाचते तरी काय, हे बघायला आमच्या ताईने, म्हणजे भाचीच्या आईने, तिच्या नकळत पहिला भाग वाचून काढला. तिला व्हॅम्पायरचं काही वाटलं नाही. तिचा सगळा राग बेलाच्या वडिलांवर. “गावचा पोलीसप्रमुख ना हा? पोरीच्या खोलीत रोज रात्री खिडकीतून मुलगा येऊन बसतो आणि याला पत्ता नाही? हा चोर काय पकडणार!” बेला मात्र तिला पसंत पडली. बेला रोज शाळेतून आल्यावर वडिलांसाठी स्वयंपाक करते. कथेला त्याचा काही उपयोग नाही, पण ताईने ते बरोबर हेरलं. “बघ, तिकडच्या मुलीसुद्धा करतात.” हे वाक्य नंतर वर्षभर त्या घरात वाजत राहिलं. भाचीच्या मनात या पुस्तकाविषयी पहिली अढी बसली ती इथेच, असा माझा कयास आहे. स्त्रीवाद नंतर आला.

आमच्या आईपर्यंत गोष्ट कानोकानी पोचली. तिने फक्त दोन-चार प्रश्न विचारले.

“कधी गेला म्हणालीस तो?”

“एकोणीसशे अठराला, आजी. फ्लूने.”

“म्हणजे मानमोडीत. लग्न झालं होतं?”

“छे गं, सतरा वर्षांचा होता.”

“मग मुंज्या तो. एवढं इंग्रजीत लिहायला काय झालं?”

“आजी, तो व्हॅम्पायर आहे!”

“पिंपळावर बसतो का?”

“नाही. व्होल्वोत.”

“सुधारला असेल.”

तिसऱ्या भागात एडवर्ड, लग्न झाल्याशिवाय काही नाही, असं बेलाला बजावतो, हे कळल्यावर तर आईने त्याला घरंदाज ठरवून टाकलं. गंमत म्हणजे त्याच सुमारास अमेरिकेतले पालक ही पुस्तकं काढून टाका म्हणून ग्रंथालयांकडे तक्रारी करत होते. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या २००९च्या तक्रारींच्या यादीत ‘ट्वायलाइट’ मालिका पाचवी होती. कारणांत वयाला अयोग्य, धार्मिक दृष्टिकोन, कामुक वर्णनं असं सगळं होतं. आमच्याकडे आजीने मंजूर केलेला मुलगा तिकडे लायब्ररीतून हाकलत होते. पुढे २०२४ साली ‘मुंज्या’ नावाचा हिंदी सिनेमा आला. त्यात कोकणातला मुंज्या लग्नासाठी हटून बसतो. भाची तो पाहून आली आणि पहिल्यांदाच म्हणाली, “आजीचं बरोबर होतं.” दाद घ्यायला आई नव्हती.

कॉलेजच्या कँटीनमध्ये तेव्हा दोन तट असत, टीम एडवर्ड आणि टीम जेकब. एडवर्डवाल्या स्वतःला जास्त सोसलेल्या समजत. जेकबवाल्या व्यवहारी. जेकब गाडी दुरुस्त करतो, हसतो, जेवतो. एडवर्ड जेवत नाही, झोपत नाही, टक लावून बघत बसतो. शिवाय जेकबचं अंग तापलेलं आणि एडवर्डचं बर्फासारखं. यावर हॉस्टेलमधल्या एका नागपूरकर मुलीचं मत मला सगळ्यांत ठोस वाटलं. ती म्हणे, “मे महिन्यात जेकबला घरात कोण घेईल? एडवर्ड असला तर कूलरचं बिल तरी वाचेल.”

माझं मत कुणी विचारलं नव्हतं, तरी मी दिलं. मी धारप-मतकरींच्या भयकथांवर वाढलेला. धारपांची ‘लुचाई’ स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. त्यातलं संकट दाराशी आलं की माणसाची बोबडी वळायची, त्याच्याबरोबर कुणी शाळेच्या नाचाला जात नसे. भाचीने हे ऐकून “मामा, तुला रोमान्स कळत नाही” असं सांगितलं आणि विषय मिटवला. २००९ साली खुद्द किंगनेच एका मुलाखतीत मेयरबाईंना लिहिता येत नाही असं सांगून टाकलं. मला वाटलं, चला, आपली बाजू भक्कम झाली. तोवर भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पोचली होती आणि किंगचं ते मत तीच मला फोनवर ऐकवत होती, जणू पहिल्यापासून तिचंच होतं.

हा तिचा नाकबुलीचा काळ, आणि माझ्या मते सर्वांत बहारीचा. या काळात तिने ‘ट्वायलाइट’ कधी वाचलंच नव्हतं. “चाळलं होतं” म्हणायची. चाळलेल्या पुस्तकातून ती पुरावे मात्र वकिलासारखे काढी. तो तिला न सांगता रात्री ती झोपलेली असताना बघत बसायचा. तिने जेकबकडे जाऊ नये म्हणून त्याने तिच्या ट्रकच्या इंजिनाचा भाग काढून ठेवला, तिसरा भाग! जेकब तर शेवटी बेलाच्या नुकत्या जन्मलेल्या मुलीशीच जन्माची गाठ बांधून मोकळा होतो. मुलीचं नाव रेनेस्मे, म्हणजे दोन्ही आज्यांची नावं चिरडून एकात. “आणि १०४ वर्षांचा माणूस शाळेतल्या मुलीच्या मागे? मामा, हे रेड फ्लॅग नाहीत, हा अख्खा मोर्चा आहे.” मुलं बघायला सुरुवात झाल्यावर एकाने आवडतं पुस्तक विचारलं. अशा वेळी मराठी मुलगी जे नाव सांगते तेच तिने सांगितलं. लग्न जमलं.

तिचे हे आक्षेप खरे आहेत, यात वाद नाही. त्या वयाच्या मुलीला पाळत म्हणजे प्रेम असं कुणी पाचपाचशे पानं पटवत राहिलं तर आईबापांनी चिंता करावी. पण मला त्याहून वजनदार वाटतो तो आक्षेप तिच्या मैफलीत कुणी काढत नाही. जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा दाखवला आहे, ती खरी जमात आहे, फोर्क्सजवळ ला पुशला समुद्रकाठी राहते. त्यांच्या मूळकथेत लांडगे आहेत, पण व्हॅम्पायरशी हाडवैर आणि उघड्या अंगाने भांडणारी पोरं ही मेयरबाईंची भर. जगभरातून वाचक जेकबला शोधत तिथे येऊ लागले, तेव्हा त्या लोकांची धडपड चालली होती ती त्सुनामी आली तर मुलं वाचावीत म्हणून शाळा उंचावर हलवण्याची. भाचीला हे मी सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, “हो, पण जेकबचा पहिल्या भागात रोल केवढासा आहे, तुला माहितीये का?” आणि तिने ते सांगितलं.

२०२०च्या ऑगस्टमध्ये मेयरबाईंनी ‘मिडनाइट सन’ आणलं. पहिल्याच भागाची गोष्ट, या वेळी एडवर्डच्या तोंडून, सहाशेच्या वर पानं. मुखपृष्ठावर डाळिंब. टाळेबंदी होती, भाची घरून काम करत होती, नवरा घरून काम करत होता आणि दोघांच्या मीटिंगा एकाच डायनिंग टेबलावर चालत. तिने पुस्तक मागवलं, ते “अभ्यास म्हणून”. नवऱ्याला वाटलं सर्टिफिकेशनचं असेल. चार दिवस त्याने स्वतः कुकर लावला.

पाचव्या दिवशी तिचा मला फोन आला. एडवर्डला सगळ्या जगाच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या मनातलं येत नाही, हा या कथेचा पाया आहे. भाची म्हणाली, “आता त्याच्या बाजूने वाचल्यावर कळलं, मामा. तो तिच्या प्रेमात पडला कारण ती एकटीच शांत होती. बाकी सगळे त्याच्या डोक्यात चोवीस तास बडबडतात. बिचारा.” मी विचारलं, “मग रेड फ्लॅगचं काय?” “ते आहेतच. पण तू माझ्या नवऱ्याबरोबर चार महिने एका टेबलावर मीटिंग करून बघ.”

आता तिच्या मतांचा संच स्थिरावला आहे. लेखन वाईट, कथा घातक, एडवर्ड गुन्हेगार, सिनेमे पुस्तकाहून वाईट पण पावसाळ्यात बघायला बरे. ऑफिसातल्या नव्या मुलींपैकी कुणी दुसऱ्या कुठल्या परी-राजपुत्रांच्या जाडजूड मालिकेचं कौतुक केलं की तिचा पारा चढतो. “हे सगळं आमच्या वेळी होऊन गेलंय,” असं ती त्यांना बजावते. तेहतिसाव्या वर्षी एवढ्या अधिकाराने ‘आमच्या वेळी’ म्हणणारी व्यक्ती मी याआधी धारपांच्या वाचकांतच पाहिली होती. नवऱ्याने तिच्या आग्रहावरून पहिला सिनेमा पाहिला. शेवटी त्याला फक्त बेलाच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. ताई म्हणाली, जावई समजूतदार आहे.

तुमच्या नात्यात अशी कोणी असेल तर एक सांगून ठेवतो. पुस्तक कसं आहे हे तिला खुशाल विचारा, ती वाईट आहे म्हणेल, त्याला मान डोलवा. पण चुकूनही तिच्याकडे ते वाचायला मागू नका. नाही म्हणणार नाही, ताबडतोब देईल. आणि तुमचं वाचून होईपर्यंत समोर बसून “कुठे आलास?” असं विचारत राहील.