वाढप्याचं ताट

बास्केटबॉलच्या संघात पाच जण खेळतात आणि त्यांतल्या चौघांचं काम लांबून बघणाऱ्यालाही कळतं. कुणी उंच असतो, तो रिंगखाली ठाण मांडतो. कुणी नेमबाज असतो, तो कोपऱ्यातून मारतो. पाचव्याचं नक्की काय चाललंय हे मात्र पटकन ध्यानात येत नाही. तो बहुधा सगळ्यांत बुटका असतो. चेंडू आपटत आपटत पुढे येतो, हात वर करून बोटांनी काहीतरी खुणा करतो, चेंडू दुसऱ्याला देऊन टाकतो आणि बाजूला होतो. टाळ्या पडतात त्या बास्केट करणाऱ्याला. या पाचव्याला पॉइंट गार्ड म्हणतात. जयपूरला माझी भाची हा उद्योग करते.

सुट्टीतल्या शिबिराच्या शेवटी तिच्या कोचनी प्रत्येक मुलीला एक कागद दिला. मधोमध उभी रेघ, अलीकडे गुण, पलीकडे कमजोरी. बापूनगरातल्या घरी तो आल्यावर ताईच्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. 'नज़र अच्छी. हाथ सधा हुआ. घबराती नहीं.' इथवर माईंचा चेहरा प्रसन्न होता. 'बायाँ हाथ. आवाज़. शूट नहीं करती.' माईंनी कागद उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं आणि म्हणाल्या, "उंचीचं काहीच कसं नाही?"

उंचीचं लिहिण्यात अर्थ नव्हता. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते आणि भाची पाच फूट एक इंचावर संपते, हे कोचना उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. शिवाय मग्सी बोग्ज नावाचा गृहस्थ पाच फूट तीन इंच उंचीवर एनबीएमध्ये चौदा हंगाम खेळून गेला, हे तिने घरात इतक्यांदा सांगितलंय की माईसुद्धा त्याला 'तो मग्सी' म्हणतात, जणू मालवीयनगरात राहतो.

डाव्या हाताचं प्रकरण घरातच मुरलेलं होतं. चेंडू उजव्या हाताने कितीही छान आपटला तरी समोरची मुलगी दोन मिनिटांत ओळखते की ही डावीकडे वळत नाही, आणि मग उजवीकडे पहारा बसतो. कोचनी फर्मान काढलं, महिनाभर सगळी कामं डाव्या हाताने करायची. दात घासणं, दार उघडणं, इथवर ठीक होतं. पण पोरगी डाव्या हाताने भाकरी मोडायला लागली आणि माईंनी ताट मागे ओढलं. डाव्या हाताने जेवायचं नाही, वाढायचं नाही, प्रसाद तर नाहीच नाही, हे पंधरा वर्षं घोटून घेतलेलं. तो हात दुबळा राहिला यात त्या हाताचा काय दोष? शेवटी तह झाला. खिचडी चमच्याने, चमचा डाव्या हातात आणि चतुर्थीला सुट्टी.

आता नजर. कागदावर ती पहिल्या नंबरावर होती आणि ते बरोबरच आहे. चांगला पॉइंट गार्ड चेंडूकडे बघत नाही. चेंडू हाताला कळतो, डोळे मोकळे राहतात. संध्याकाळी गच्चीवर हिचा सराव चालतो. धाकटा भाऊ समोर उभा राहून बोटं दाखवतो आणि चेंडू आपटता आपटता हिने किती बोटं ते सांगायचं. भाऊ लबाड. एक बोट अर्धं दुमडून दाखवतो. "साडेतीन," ही चेंडू न थांबवता सांगते.

तिच्याबरोबर एकदा बापू बाजारात मोजड्या घ्यायला गेलो. तिथे चालणं म्हणजे काय ते गेलेल्यालाच ठाऊक. ई-रिक्षा, ठेले, उलट्या बाजूने येणारी स्कूटर, रजयांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेला माणूस आणि मधोमध एक गाय निवांत रवंथ करत बसलेली. ही कुणाला कोपरसुद्धा न लावता सरळ पार झाली. मी "भाईसाहब, ज़रा" करत अजून रजयांच्या मागेच. दुकानाच्या पायरीवरून तिने मला हाताने खूण केली, "मामा, गायीच्या डावीकडून ये. ती आता उठणार आहे." गाय खरोखर उठली. हे कसं कळलं असं विचारलं तर म्हणाली, "मान आधी हलवली ना तिने."

या नजरेचं मूळ नानांना, म्हणजे ताईच्या सासऱ्यांना, सापडलेलं आहे. सवाई जयसिंहांच्या पदरी जगन्नाथ सम्राट नावाचे महाराष्ट्रीय पंडित होते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, 'रेखागणित' या नावाने, आणि टॉलेमीचं खगोलशास्त्र 'सिद्धान्तसम्राट'मध्ये. जयपूरचं जंतरमंतर त्याच काळातलं. तिथलं सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे आणि त्याची सावली दोन सेकंदांपर्यंतची वेळ दाखवते. नानांचं म्हणणं असं, की बाउन्स पास हे शुद्ध रेखागणित आहे आणि या गावात रेखागणित मराठी माणसाने आणलं, तेव्हा पोरीच्या हातात ते उतरलं यात नवल कसलं! कोचनी जेव्हा सांगितलं की बाउन्स पासचा टप्पा आपल्यापासून दोन तृतीयांश अंतरावर पडला पाहिजे, तेव्हा नानांना प्रत्यक्ष युक्लिड भेटल्याचा आनंद झाला. जयपुरात मराठी माणसाने इतिहास जगन्नाथपंडितांपर्यंत सांगावा आणि तिथेच थांबावं, हे मात्र नानाही पाळतात. त्यानंतरच्या पानांवर होळकर आणि शिंदे खंडणी वसूल करायला येतात, आणि शेजारी राजपूत आहेत.

पण या नजरेचा एक तोटा आहे, तो कागदावर नव्हता. हिला मोकळी जागा इतरांच्या आधी दिसते. ही तिथे चेंडू पाठवते आणि जिला पाठवला ती अजून केसांचा रबरबँड नीट करत असते. चेंडू खांद्यावर, हनुवटीवर, एकदा सरळ नाकावर. हिशेब ठेवणारे अशी चूक बहुतेक वेळा पास देणाऱ्याच्या नावावर टाकतात. नानांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. घेणारीला घेता येईल असं देणं हा पास देण्याचाच भाग आहे. लवकर कळणाऱ्या माणसांना हे जरा उशिरा कळतं.

आवाजाची गंमत आणखी वेगळी. पॉइंट गार्डला आठ सेकंदांत चेंडू मधली रेघ ओलांडून न्यायचा असतो, २४ सेकंदांत संघाने नेम मारायचा असतो आणि या घाईत कुणी कुठे उभं राहायचं हे त्यानेच ओरडून सांगायचं असतं. जयपूर हे अदबीचं शहर. इथे रिक्षावालासुद्धा 'आप' म्हणतो आणि दुकानदार नावापुढे 'सा' लावल्याशिवाय भाव सांगत नाही. त्यात हिच्या संघातल्या दोघी-तिघी हिच्याहून मोठ्या. त्यामुळे कोर्टवर ही काय म्हणायची? "दीदी, आप ज़रा बायीं तरफ़ आ जाइए ना." वाक्य पुरं होईपर्यंत दीदीला समोरची मुलगी धडकलेली असायची. कोचनी कोर्टवर 'जी' आणि 'ना' या दोन्हींना बंदी घातली. त्यावर हिने "दीदी, इधर" इतकी काटछाट केली, पण ते इतक्या हळू, की ऐकू फक्त पंचाला जायचं.

बरं, आवाज नाही असं म्हणावं तर तेही खोटं. संक्रांतीला जयपूरचं सगळं आयुष्य गच्चीवर असतं. आकाशात पतंगांची दाटी, गच्च्यांवर लाउडस्पीकर, आणि कुणाचा पतंग कापला की "वो काटा!" घरात सकाळी तिळगूळ हातावर ठेवून माई सगळ्यांना गोड बोलायला सांगतात आणि दुपारी ही गच्चीच्या कठड्याला टेकून असं "वो काटाऽऽ" ठोकते की तीन घरं पलीकडचा कुत्रा जागा होतो. कोच शेजारच्याच गल्लीत राहतात. त्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून विचारलं, "यह आवाज़ कोर्ट पर क्यों नहीं लाती?" ही म्हणाली, "सर, वहाँ दुश्मन का पतंग था."

शत्रूवर ओरडता येतं, आपल्या माणसांवर येत नाही. आमच्या घराण्यात हे उलटं आहे. तिचं हे वळण कुठून आलं कोण जाणे.

उरली शेवटची ओळ, 'शूट नहीं करती'. माईंना ही कमजोरी मानायलाच नको होती. "दुसऱ्याला देते त्यात वाईट काय? स्वतःचं घोडं पुढे दामटणारी नाही आपली मुलगी." आणि खरंच, हिला बघताना मला आमच्या गावच्या जुन्या पंगतींतले वाढपी आठवतात. कुणाच्या पानावर भात संपत आलाय, कोण लाजून नको म्हणतंय, कोण कढीसाठी द्रोण सरळ करतंय, सगळं त्यांना पाठमोरंही कळायचं. स्वतः बसायचे सगळ्यांत शेवटी, आणि तोवर जिलबी संपलेली असली तरी चेहऱ्यावर दाखवायचे नाहीत. ही थेट त्याच जातीची. रिंगसमोर एकटी उभी, कुणी अडवायला नाही, तरी डावीकडे उजवीकडे बघणार, आणखी कुणाला वाढू का म्हणून.

ही कमजोरी कशी, ते दाखवायला कोचनी एका सामन्यात ताईला आणि मला कोर्टच्या कडेला उभं करून समोरच्या संघाच्या एका मुलीकडे बोट दाखवलं. तिच्यावर भाचीला रोखायची कामगिरी होती. पण ती भाचीच्या जवळपाससुद्धा नव्हती. दोन-तीन पावलं मागे, मैदानाच्या मधोमध, हात पसरून उभी होती. हिच्याकडे चेंडू असून ती दुसऱ्याच मुलींच्या वाटा अडवत होती. "उसको पता है, यह मारेगी नहीं," कोच म्हणाले. म्हणजे भाची नेम मारत नाही म्हणून तिची पहारेकरीण मोकळी, आणि ती मोकळी म्हणून आपल्या उरलेल्या चौघींना पाच जणींशी झुंजायचं. वाढपी जेवत नाही आणि पंगत मात्र त्याच्यापायी अर्धपोटी, असा हा चमत्कार. कढीच्या पंगतीत हे होत नाही, पण बास्केटबॉलमध्ये होतं. तुम्ही कधीही स्वतःसाठी मारणार नाही हे एकदा लोकांना कळलं, की तुमच्या उदारपणाला भाव राहत नाही.

मोठमोठ्यांना हे भोवलंय. बेन सिमन्स हा २०२१मध्ये फिलाडेल्फियाचा पॉइंट गार्ड होता, उंची सहा फूट दहा इंच. म्हणजे उंचीची सबब नाही. एनबीएच्या २०१६च्या खेळाडूनिवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेला. २० जून २०२१ला अटलांटाविरुद्ध मालिकेतला सातवा आणि निर्णायक सामना होता, शेवटची काही मिनिटं उरली होती, सिमन्स थेट रिंगखाली पोचलेला आणि जवळ होता तो ट्रे यंग, त्याच्याहून कितीतरी ठेंगणा. नुसता हात वर करून चेंडू टाकायचा. सिमन्सने पास दिला. ज्याला दिला त्याच्यावर फाउल झाला, त्याच्या दोन फ्री थ्रोंपैकी एकच आत गेला आणि फिलाडेल्फिया तो सामना १०३-९६ असा हरला. त्या एका पासबद्दल त्याला लोक आजही ऐकवतात. चोरी केली नाही, मारामारी केली नाही. माणसाने दुसऱ्याला दिलं, एवढाच गुन्हा.

जेसन किड या दुसऱ्या पॉइंट गार्डची गोष्ट मी भाचीला मुद्दाम सांगतो. पास देण्यात तो अव्वल, पण जंप शॉट इतका कच्चा की थट्टेखोरांनी त्याच्या नावातलं 'जे' अक्षर काढून टाकलं होतं. त्याच्याकडे जंप शॉट नाही, मग नावात 'जे' कशाला ठेवायचा? निवृत्त होईपर्यंत त्याच माणसाच्या नावावर १,९८८ थ्री-पॉइंटर जमा होते आणि २०११मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, डॅलसकडून तो विजेता झाला. "म्हणजे मला अजून तेवीस वर्षं आहेत," भाची म्हणाली. हिशेबात चूक नव्हती.

सवाई मानसिंग स्टेडियमच्या आवारातल्या कोर्टवर शाळांचा सामना होता. कोचनी हुकूम दिला होता की पहिल्या तीन संधींना पास द्यायचा नाही, मारायचं. काय व्हायचं ते होऊ दे. पहिला फळ्यावर आदळून परत आला. दुसरा कशालाच लागला नाही, नुसता हवेतून गेला. मी बाकाची कडा आवळून धरली होती, माई जप करत होत्या आणि नाना कोन चुकला म्हणत होते. तिसरा रिंगच्या कडेवर दोनदा नाचून कसाबसा आत पडला. तो सुंदर होता असं कुणी म्हणणार नाही.

पण पहारेकरीण दोन पावलं पुढे आली. तेवढ्याने मधली वाट उघडली, सम्राट यंत्राच्या जिन्यासारखी सरळ. ती वाट अख्ख्या मैदानावर एकटीने ओळखली ती भाचीने, आणि रिंगखाली जिने धावत यायचं ती उंच दीदी भलत्याच कोपऱ्यात कमरेवर हात ठेवून उभी. मग जे झालं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं, पलीकडे नेटमध्ये क्रिकेट खेळणाऱ्यांनीही ऐकलं असणार.

"दीदीऽऽ! तू वहाँ क्या कर रही है? आऽ!"

दीदी दचकली आणि आली. चेंडू टप्पा घेऊन तिच्या हातात जाऊन बसला आणि रिंगमधून खाली पडला. कोच टाळ्या वाजवत होते. माई मात्र "'तू' म्हणाली का रे तिला?" एवढंच मला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या.

सामना चार गुणांनी गेला. पोरी बाटल्या भरायला नळाशी जमल्या तेव्हा भाची मान खाली घालून त्या दीदीसमोर उभी राहिली. "दीदी, आप बुरा मत मानिए. वो मुँह से निकल गया."

"बुरा-वुरा छोड़," दीदी नळाखाली हात धरून म्हणाली, "पास ज़रा हल्का मारा कर. अंगूठा सूज गया है."