जादा गाडी

सकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघं. तिसरा खाली बसलेला, जीभ बाहेर, नजर माझ्या चपलेवर. मी नुसतं ‘‘नमस्कार’’ म्हणालो.

‘‘पाच-दहाची वेळेवर सुटली,’’ कंट्रोलरसाहेब म्हणाले. ‘‘लांब पल्ल्याची मात्र अजून लागायचीय.’’

हे कुत्र्याविषयी होतं, आणि माझा चहा व्हायचा होता.

तुमच्या सोसायटीत हे गृहस्थ असणारच. मुलगा टाळेबंदीत हौसेने पिल्लू आणतो, टाळेबंदी उठते, मुलगा कॅनडाला जातो, कुत्रा आई-बाबांकडे राहतो. ‘‘हे असलं माझ्या घरात चालणार नाही’’ म्हणणारे बाबा सहा महिन्यांत जिन्यात माणसं अडवून, आज घट्ट होती की पातळ, ते सांगायला लागतात. सगळ्या पँटींवर पांढरे केस, एका खिशात पिशव्यांची गुंडाळी, दुसऱ्यात पनीरचे तुकडे. पूर्वी हेच लोक नातवंडांचे फोटो दाखवायचे, तेव्हा निदान ‘‘अगदी तुमच्यावर गेलाय’’ म्हणून सुटता यायचं.

आमच्याकडच्या नमुन्याचं वेगळेपण एवढंच, की ते ३४ वर्षं एस.टी.त होते आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. म्हणजे खात्यातून झाले. तोंडातून एस.टी. गेलेली नाही.

पिल्लू घरात आलं ते २०२१च्या १ जूनला. १९४८ साली याच तारखेला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. धावली, हे त्यांनी त्या दिवशी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना सांगितलं. मुलाने पिल्लाचं नाव ठेवलं झेन. तो मुलगा तसा गंभीर आहे, आयुष्यात केलेला एवढाच विनोद. काकूंनी त्याचा लगेच झेंडू केला.

झेंडू जातीने बॉर्डर कॉली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरांत मेंढ्या वळणारी ही जात. दिवसभर चढउतार धावायचं, मेंढीकडे टक लावून नुसत्या नजरेने तिला जागेवरून हलवायचं, आणि वर पुन्हा ‘‘अजून काही काम आहे का?’’ अशा चेहऱ्याने धन्याकडे बघायचं. असला प्राणी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ठेवणं म्हणजे शिवनेरी गल्लीत गोल गोल फिरवण्यासारखं, हे मी नाही, कंट्रोलरसाहेबच म्हणतात. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे असावी तशी त्यांच्याकडे झेंडूची वंशावळ तयार असते : मूळ पुरुष ओल्ड हेम्प, जन्म १८९३, मुक्काम नॉर्थंबरलंड. आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉली त्याच्याच कुळातल्या म्हणे. शिवाय अमेरिकेतल्या चेसर नावाच्या एका भाऊबंद कुत्रीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती, हेही ऐकावं लागतं. ‘‘खेळणी कसली शिकवता? तेवढ्यात पुणे विभागातले थांबे पाठ झाले असते.’’

खरा छळ सुरू झाला तो पिल्लाला शी-शूचं वळण लावताना. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते कळ धरू शकतं, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. दुसऱ्या कुणी हे ऐकून सुस्कारा सोडला असता. कंट्रोलरसाहेबांनी पट्टी घेऊन वेळापत्रक आखलं. झोपेतून उठलं की एक, खाल्लं की एक, खेळून झालं की एक, शिवाय दर दोन तासांनी नियमित, अशा दिवसाला १३ फेऱ्या. शू म्हणजे साधी गाडी, शी म्हणजे लांब पल्ल्याची. पाऊस असला तर विलंब. रात्री पिल्लू कुंईकुंई करून उठलं तर जादा गाडी. गौरी-गणपतीत कोकणात सोडत नसतील इतक्या जादा गाड्या त्या पावसाळ्यात आमच्या जिन्यातून सुटल्या, कारण लिफ्ट बंद होती.

घरात गालिच्यावर झालं तर ‘अपघात’ म्हणायचं नाही, ‘ब्रेकडाउन’ म्हणायचं. आमच्या लहानपणी अशा वेळी कुत्र्याचं नाक त्यात घासत, असं मी बोलून गेलो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी सुट्टे नसताना पाचशेची नोट काढली असावी.

‘‘गाडी सुटली नाही म्हणून पॅसेंजरला मारता का हो, लेखक? चूक कंट्रोलरची. वेळेत खाली नेलं नाही. मारलं तर तो एवढंच शिकेल, की तुमच्यासमोर करायचं नाही. मग सोफ्यामागे करील. आणि खाली झालं की भत्ता जागच्या जागी, तिथल्या तिथे.’’ भत्ता म्हणजे पनीर.

काकू बिचाऱ्या फिनेल टाकून पुसत, आणि हा पुन्हा तिथेच. आपल्याला फिनेलचा वास येतो, त्याला खालचा जुना येतो. ‘‘त्याला तिथे ‘विनंती थांबा’ अशी पाटी दिसते,’’ कंट्रोलरसाहेबांनी खुलासा केला. शेवटी वास मुळापासून मोडणारं एन्झाइमचं औषध आलं, तेव्हा कुठे पाटी उतरली.

मधल्या काळात पावसाच्या दिवसांसाठी बाल्कनीत वर्तमानपत्रं अंथरली होती. माझा लेख आलेली रविवारची पुरवणी त्यांनी मागून नेली. मला वाटलं, वाचायला. संध्याकाळी म्हणाले, ‘‘तुमची पुरवणी चांगलीय हो. शोषून घेते.’’

वर्षभरात गाड्या वेळेवर धावू लागल्या. पण झेंडूच्या अंगातली रग कुठे जाणार? मेंढ्या नाहीत म्हणून त्याने सोसायटी वळायला घेतली. बॅडमिंटन खेळणारी अकरा पोरं त्याने एकदा मीटररूमच्या कोपऱ्यात गोळा करून ठेवली. चावला नाही, भुंकलाही नाही. नुसता पोट जमिनीला टेकून, मान खाली घालून रोखून बघत बसला. अकरावा कडेने निसटायला लागला की अर्धवर्तुळ मारून पुन्हा आत. तक्रार झाली, सभा बोलावली. कमिटीतल्या कुणीतरी कुत्राबंदीचा ठराव आणला. कंट्रोलरसाहेबांनी प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांची प्रत फाइलमधून काढली. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही. पण ठराव पडायला आधी सभा भरायला हवी. आमच्या सोसायटीत गणपूर्ती हा प्रकार मी फक्त उपविधीत वाचला होता. झेंडूने त्या दिवशी पार्किंगमध्ये रेंगाळणारे सभासद दहा मिनिटांत क्लबहाऊसमध्ये घातले, त्यात कॉम्प्युटर क्लासला निघालेल्या दोन परक्या बायकाही होत्या.

‘‘काम नाही ना त्याला,’’ कंट्रोलरसाहेब म्हणाले. ‘‘काम असलं की किती शहाणा आहे बघा.’’

तेव्हापासून त्यांनी त्याला कामं लावली. खालून दूधपिशवी आणायची, काकूंचा चष्मा शोधायचा, जिन्यात लपवलेली चेंडूंची जोडी हुडकायची. नुसतं पळवून हा दमत नाही, डोकं दमवावं लागतं, हे त्यांचं म्हणणं. ते खरं असावं, कारण पोरं पुन्हा मोकळी खेळू लागली.

मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. काकूंचे गुडघे झेंडूच्या वेगाचे नाहीत. मी चहाला गेलो होतो, एवढीच माझी चूक. ‘‘लेखक पहाटे जागेच असतात,’’ म्हणत त्यांनी पट्टा आणि वही माझ्या हातात दिली.

पहिल्या दिवशी पाच-दहाला मी गुलमोहराखाली उभा. झेंडूही उभा. पाच-वीस. पाच-चाळीस. तो माझ्या तोंडाकडे बघतोय, मी त्याच्या शेपटीकडे. शेवटी फोन लावला.

‘‘घोषणा केली का?’’ पलीकडून आवाज.

‘‘कसली घोषणा?’’

‘‘पहिल्यापासून सवय लावलीय त्याला. तो करायला लागला की मी तेच म्हणायचो. आता तो ते ऐकल्याशिवाय करत नाही. म्हणा, पुण्याहून नगरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.’’

मी इकडेतिकडे पाहून पुटपुटलो. झेंडूने कान टवकारले, पाय नाही उचलला.

‘‘स्पीकरवर बोलल्यासारखं म्हणा. शेवटच्या प्रवाशाला ऐकू जायला हवं.’’

मग पहाटे सव्वासहाला, बी विंगचे दिवे लागलेले असताना, एका बऱ्यापैकी परिचित मराठी लेखकाने पुणे-नगर गाडीची घोषणा केली. झेंडूने तत्काळ गाडी सोडली. फलाट क्रमांक तीनवर.

दुपारी नोंद करायला वही उघडली. हिरव्या पुठ्ठ्याची, रकाने हाताने आखलेले : सुटण्याची वेळ, परतीची वेळ, प्रवासी, शेरा. प्रवाशांच्या रकान्यात रोज ‘दीड’. एक स्वतः, अर्धं तिकीट झेंडूचं. त्याचं वय काढायला मी पहिली पानं चाळली. वही १ जून २०२१ला सुरू होत नव्हती, तर बरोबर वर्षभर आधी होत होती.

ते निवृत्त झाले २०२०च्या ३१ मेला. पुण्यात तेव्हा नेहमीच्या गाड्या बंद. निरोप समारंभ नाही, फलाट रिकामे. शेवटच्या दिवशी त्यांना सोडायला नेहमीची एकही गाडी नव्हती. दुसऱ्या दिवशीपासून वहीत नोंद : ‘५.१० खाली. ५.४० वर. प्रवासी १.’ पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढेही तेच. शेऱ्याचा रकाना वर्षभर कोरा.

मी संध्याकाळी वर गेलो तर ते काळा चष्मा लावून बसलेले. म्हणाले, ‘‘सकाळची एक तास पाच मिनिटं उशिरा सुटली. कारण लिहिलं नाहीत.’’ मी लिहिलं : ‘चालक नवीन.’

चौथ्या दिवशी मी गुलमोहराखाली घसा साफ करून सुरुवात केली, ‘‘पुण्याहून नगरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक...’’

‘‘तीनवर नको,’’ मागून आवाज आला. डॉक्टरांची मनाई झुगारून काळ्या चष्म्यासकट साहेब खाली. ‘‘तीनवर पाणी साचलंय. चारवर घ्या.’’ आणि त्यांनी स्वतः घोषणा केली. मी घोषणा म्हणून जी सादर करत होतो, ती किती पोरकट होती ते तेव्हा कळलं. सी विंगमधले एक आजोबा खिडकीत आले आणि नकळत पिशवी शोधू लागले.

वर गेल्यावर वही त्यांनीच मागितली. डोळ्याला धरून, वाकडंतिकडं लिहिलं : ५.१० ते ५.३५. प्रवासी अडीच.

अर्धं तिकीट कुणाचं, ते मी विचारलं नाही.