लेस्टरला गाडी बघायला

ब्रिटनमध्ये जुनी प्लग-इन हायब्रिड गाडी घ्यायची ठरली, की गाठ बहुधा मित्सुबिशी आउटलँडरशी पडते. ही गाडी तिथे २०१४ मध्ये आली. सरकारचं ५,००० पौंडांचं अनुदान वजा जाता ती डिझेल आउटलँडरच्याच किमतीत पडायची. कागदावर ती गॅलनला १४८ मैल जात होती आणि किलोमीटरला जेमतेम ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडत होती. या दोन आकड्यांमुळे कंपनीची गाडी वापरणाऱ्या नोकरदारांना कर नावापुरता लागायचा. साहजिकच कंपन्यांनी ती घाऊक घेतली, तीन-चार वर्षांनी घाऊक सोडली, आणि तेव्हापासून ती देशभरातल्या जुन्या गाड्यांच्या आवारांत गिऱ्हाइकाची वाट बघत उभी आहे.

हवी ती गाडी हव्या त्या रंगात आपल्या गावात कधीच नसते. स्लाऊच्या मराठी कुटुंबाला ती लेस्टरला सापडते आणि लेस्टरच्या कुटुंबाला ब्रिस्टॉलला. त्यामुळे ही खरेदी म्हणजे आधी एक सहल असते. सहलीला तिघं निघतात: मुलगा, ज्याच्या फोनमध्ये सगळी माहिती असते, सून, जी नेमके प्रश्न विचारते, आणि सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेले बाबा, ज्यांनी उमेदीची वर्षं प्रीमियर पद्मिनीच्या बोनेटखाली घालवलेली असतात. बाबांना आणायचं असं ठरलेलं नसतं. ते बूट घालून दारात उभे असतात.

पहिली तपासणी याच दारात उरकते. घरासमोर गाडी उभी करायला स्वतःची जागा आहे का, आणि तिथपर्यंत वीज पोहोचते का? नसेल, तर फुटपाथवरून केबल टाकून रोज चार्जिंग करण्याची स्वप्नं बघू नयेत. चार्ज न करता चालवलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे जड बॅटरीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी. तिच्यापेक्षा साधी हायब्रिड परवडते.

दुसरी तपासणी रेल्वेत. स्लाऊहून पॅडिंग्टन, तिथून सेंट पँक्रास आणि पुढे सव्वा तासात लेस्टर. एवढ्या वेळात गाडीच्या नंबरावरून बरंच कळतं. तीन वर्षं झालेल्या प्रत्येक गाडीला तिथे दर वर्षी एमओटी चाचणी द्यावी लागते, आणि तिचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. कोणत्या वर्षी किती मैल झाले होते, कशात नापास झाली, ‘लवकरच बदलावं लागेल’ असा शेरा कशावर पडला, सगळं. मैल एखाद्या वर्षी कमी झालेले दिसले, तर पुढच्या स्टेशनावर उतरून परतीची गाडी धरावी. मात्र या चाचणीत बॅटरीची ताकद मोजत नाहीत, त्यामुळे एमओटी पास याचा अर्थ बॅटरी ठणठणीत असा नव्हे. थोडे पौंड भरले की गाडीवर कर्ज थकलंय का, ती चोरीची आहे का आणि विमा कंपनीनं तिला अपघातानंतर मोडीत काढलं होतं का, हेही कळतं. ऑक्टोबर २०१७ पासून अशा दुरुस्तीयोग्य गाड्यांवर एस किंवा एन असा शिक्का बसतो. एस म्हणजे सांगाड्यालाच मार बसलेला.

मुलगा हे वाचून दाखवत असतो. बाबा खिडकीबाहेरच्या मेंढ्या बघत ऐकतात आणि शेवटी मूळ मुद्द्यावर येतात.

‘‘ते सगळं ठीक आहे रे. ॲव्हरेज किती देते?’’

‘‘कंपनी म्हणते १४८ मैल, बाबा. म्हणजे लिटरला बावन्न किलोमीटर.’’

‘‘बावन्न? माझ्या स्कूटरनं कधी दिलं नाही एवढं!’’

बाबांचा संशय रास्त असतो. सरकारी चाचणी भरलेल्या बॅटरीनं सुरू व्हायची आणि विजेवरचा पल्ला हिशेबात धरायची. बॅटरी संपल्यावर काय होतं, ते रस्त्यावरच कळतं. त्याचा हिशेब परतीच्या वाटेवर होईल.

आवारात पोहोचल्यावर पहिला हात बोनेटवर ठेवायचा. ते गार हवं. ‘इंजिन आधी सुरू करू नका आणि गाडी रात्रभर चार्जिंगला लावून ठेवा’ असं विक्रेत्याला आदल्या दिवशीच फोनवर सांगायचं असतं. बोनेट गरम लागलं तर गार इंजिनाची एखादी तक्रार लपवलेली असू शकते. आणि ‘चार्ज करायला केबलच नाही हो’ असं उत्तर आलं, तर ती या तपासणीतली सगळ्यांत मोलाची माहिती.

कारण केबल बरंच बोलते. कंपनीच्या गाड्यांना पेट्रोलचे पैसे कंपनी द्यायची, घरच्या विजेचे मात्र स्वतःला भरावे लागत. त्यामुळे कित्येकांनी प्लग कधी लावलाच नाही. करार संपून परत आलेल्या गाड्यांच्या डिकीत केबल कारखान्याच्या प्लास्टिकसकट सापडल्याच्या बातम्या २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये गाजल्या. म्हणून डिकी उघडावी आणि केबल हातात घेऊन बघावी. पिनांवर घासल्याच्या खुणा, वायरीला पडलेला पीळ, थोडी माती, म्हणजे गाडी चार्ज होत होती. केबल कोरी करकरीत असेल, तर सगळे मैल इंजिनानं ओढलेत असं समजून ऑइल बदलाच्या नोंदी दुप्पट काळजीनं वाचाव्यात. उलट गाडी सदैव विजेवर फिरली असेल, तर इंजिन महिनोन् महिने झोपलेलं असतं. त्याचंही ऑइल मैलांवर न मोजता दर वर्षी बदललेलं हवं. टाकीत पेट्रोल फार जुनं झालं, की ही गाडी स्वतःहून इंजिन सुरू करते. तो बिघाड नव्हे.

केबल दोन हव्यात. एक घरच्या तीन पिनांच्या प्लगची आणि दुसरी रस्त्यावरच्या चार्जिंग खांबांसाठी. या दुसरीची दोन टोकं वेगळी असतात, एक टाइप-२ आणि दुसरं टाइप-१. ती नसेल तर किमतीतून वजा करून घ्यावी. पेट्रोलचं झाकण डाव्या अंगाला आणि चार्जिंगचं उजव्या. त्यात जलद चार्जिंगचं चाडेमो सॉकेटही दिसतं, पण त्यावर फार भिस्त नको. नवी मशिनं आता बहुतेक सीसीएस पद्धतीची असतात आणि चाडेमोचं मशीन शोधत हिंडावं लागतं.

मग खुद्द बॅटरी. २०१४ च्या गाडीत ती १२ युनिटांची असते, ८० सेलची माळ, प्रत्येक सेल ४० अँपिअर-अवरचा. २०१८ च्या सुधारित गाडीत तीच १३.८ युनिटांची झाली आणि २ लिटरचं इंजिन जाऊन २.४ लिटरचं आलं. तिची प्रकृती डॅशबोर्डवर कळत नाही. तिथला उरलेल्या मैलांचा आकडा एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखा असतो: उत्तर लगेच मिळतं, पण ते कालच्या गाडीचं. आधीचा माणूस हळू चालवत असेल तर आकडा फुगतो, दामटत असेल तर आक्रसतो. म्हणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटात छोटा ब्लूटूथ रीडर खोचावा आणि फोनवरच्या ॲपमध्ये बॅटरीची क्षमता बघावी. नव्या १२ युनिटांच्या गाडीत हा आकडा ३८ अँपिअर-अवरच्या आसपास असतो. ३० दिसला, तर बॅटरीचा पाचवा हिस्सा संपला. सेलचे व्होल्टेजही एकमेकांशी ताडून बघावेत, कारण एक सेल अडला की बाकीचे एकोणऐंशी त्याच्यासाठी थांबतात.

हे चालू असताना बाबा टायरला लाथ मारून बघत असतात. तीही अगदी वाया जात नाही, कारण खाली वाकल्यावर ब्रेकच्या डिस्क दिसतात. वेग कमी होताना ही गाडी मोटरनंच वीज परत भरते. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी तो जोर कमी-जास्त करता येतो. त्यामुळे खरे ब्रेक फारसे वापरले जात नाहीत आणि ब्रिटनच्या ओल्या हवेत डिस्क गंजतात, विशेषतः मागच्या. मागे टोबार असेल, तर गाडीनं सुट्टीतला कॅराव्हॅन ओढला असणार. ती १,५०० किलोपर्यंत ओढू शकते, पण ओढलंय हे माहीत असलेलं बरं.

चाचणीची फेरी सुरू होते तेव्हा सगळे गप्प असतात आणि गाडीही.

‘‘चालू झाली का?’’ बाबा विचारतात.

‘‘आपण निघालोसुद्धा, बाबा,’’ सून सांगते.

एवढ्यात थंडी वाजते म्हणून बाबा हीटर लावतात आणि इंजिन धडधडतं. ‘‘बघ, बिघडली!’’ ती बिघडलेली नसते. विजेचा हीटर नसलेल्या मॉडेलात केबिन तापवायला इंजिनच लागतं. तो हवा असेल तर मॉडेल नीट बघून घ्यावं. यानंतर तीन गोष्टी मुद्दाम कराव्यात. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा: इंजिन धक्का न देता मोटरला येऊन मिळालं पाहिजे. ‘चार्ज’चं बटण दाबावं: इंजिन लगेच सुरू होऊन बॅटरी भरू लागली पाहिजे. आणि रेडिओ बंद करून पुढच्या-मागच्या दोन्ही मोटरांची शीळ ऐकावी. घरघर आली तर ऐकून सोडून देऊ नये.

जेवणाची वेळ हीसुद्धा तपासणीच. गाडी आवारातल्या साध्या प्लगला लावायची, डॅशबोर्डचा फोटो काढायचा आणि बेलग्रेव्ह रोडवर जायचं. १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातून हाकललेल्या गुजराती कुटुंबांमुळे बहरलेला हा रस्ता गोल्डन माइल म्हणून ओळखला जातो. बाबा फरसाणाच्या दुकानात रमतात आणि पाऊण तासाचं जेवण दीड तासाचं होतं. तोवर गाडीत तीनेक युनिटं भरलेली असतात. साध्या प्लगवर ताशी दोन-सव्वादोन युनिटांचा हा वेग असतो. काटा वर सरकला नसेल, तर बिघाड चार्जरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. परत आल्यावर गाडीखालची जमीन कोरडी आहे ना, तेही बघावं. गाडी जागचीच हलेना, तर बहुधा १२ व्होल्टची साधी बॅटरी मेलेली असते. ती स्वस्त आहे, पण ती गेली की मोठी बॅटरी भरलेली असून उपयोग नाही.

भाव ठरला, की कागद. व्ही५सी हे नोंदणीपत्रक मालकीचा पुरावा नसतं, म्हणून पावती वेगळी घ्यावी. नोंदणीपत्रकातली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी जपून ठेवावी. ऑक्टोबर २०१४ पासून रस्ताकर गाडीबरोबर नव्या मालकाकडे येत नाही. आवारातून निघण्यापूर्वी फोनवरूनच कर भरावा आणि विमा सुरू करावा. ‘लंडनच्या कंजेशन चार्जमधून ही गाडी सुटते’ असं सांगणारा विक्रेता २०२१ च्या आधीचं बोलतो आहे. धंदेवाल्याकडून घेतलेली सदोष गाडी २०१५ च्या ग्राहक कायद्यानं तीस दिवसांत परत करता येते. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला हे संरक्षण नाही.

परतीचा रस्ता एम-१, सुमारे शंभर मैलांचा. विजेवरचा पल्ला कागदावर ३२.५ मैल, प्रत्यक्षात नव्या गाडीचाही वीस-पंचवीस, आणि महामार्गाच्या वेगात त्याहून कमी. वॉटफर्ड गॅपचा थांबा येईपर्यंत बॅटरी संपते. (हे ठिकाण वॉटफर्डजवळ नाही, बाबांना ते कळल्यावर बराच वेळ गाडीचा विषय निघत नाही.) पुढचं सगळं पेट्रोलवर, गॅलनला पस्तीसेक मैल.

‘‘म्हणजे लिटरला बारा,’’ बाबा हिशेब करतात. ‘‘पद्मिनीचंही एवढंच होतं की.’’

लांबच्या प्रवासासाठी उत्तर बरोबर आहे. रोज पंधरा मैलांचं ऑफिस आणि रात्री घरी प्लग असेल, तर पेट्रोल पंपाचं दर्शन कधीतरीच होतं. गाडी कुणासाठी योग्य, ते या दोन हिशेबांतच आहे. घरी आल्यावर मिळालेले तीस दिवस वाया घालवू नयेत. रोज सकाळी भरलेली युनिटं आणि त्यांवर झालेले मैल वहीत लिहावेत. आठवडाभरात आकडे स्थिर दिसले तर गाडी ठेवावी. घसरत गेले, तर वही आणि पावती घेऊन पुन्हा लेस्टर.