पुढच्या वर्षी नक्की

कब्सवाला ओळखायचा असेल तर त्याला हवामान विचारावं. शिकागोतला इतर कुणीही 'थंडी आहे', 'फार थंडी आहे' किंवा 'आज थंडी नाही, म्हणजे उद्या भोगावं लागणार' यांपैकी एक उत्तर देतो. कब्सवाला बोट ओलं करून हवेत धरतो आणि म्हणतो, "वारा बाहेर जातोय." कुठून बाहेर, हे तो सांगत नाही. ते आपल्याला माहीत नसेल तर दोष आपल्या आईवडिलांचा. बाहेर म्हणजे शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या मैदानाच्या, रिगली फील्डच्या बाहेर. मिशिगन सरोवर त्या मैदानाच्या अगदी जवळ आहे. वारा सरोवराकडून आला की होमरन वाटणारा चेंडू हवेतच थबकून खाली येतो, आणि सरोवराकडे निघाला की साधा झेलसुद्धा भिंत ओलांडून जातो. त्यामुळे छत्री घ्यावी की नाही, या आपल्या प्रश्नाला "आज पिचरची धडगत नाही" असं उत्तर मिळतं. आपण भिजत ऑफिसला जातो.

असा एक नमुना माझ्या शेजारी राहतो. नाव सांगून उपयोग नाही, कारण तो एकटा नाही. सामन्याच्या दिवशी ॲडिसन स्टेशनवर रेड लाइनचे डबे उघडतात तेव्हा त्याच्या शेकडो आवृत्त्या बाहेर सांडतात. डोक्यावर निळी टोपी, टोपीला घामाची पांढरी किनार, खिशात पेन्सिल आणि कानात रेडिओ. सामना डोळ्यांसमोर चाललेला असताना रेडिओ कशाला, असं मी विचारलं होतं. "डोळ्यांना नुसतं दिसतं," तो म्हणाला, "काय झालं ते पॅट ह्यूझ सांगतो." हे ह्यूझ १९९६ पासून रेडिओवर कब्सचे सामने सांगताहेत. बाळ ज. पंडितांच्या आवाजात क्रिकेट 'बघत' वाढलेल्या माणसाने यावर वाद घालायचं कारण नव्हतं.

हा गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेला. नोकरीत त्याच्याकडे पत्रं वाटायला शेफील्ड आणि वेव्हलँड हे रस्ते होते, म्हणजे मैदानाच्या भिंतीला लागून असलेले, होमरनचे चेंडू येऊन पडतात ते. हा भाग त्याने कसा पदरात पाडून घेतला हे गुपित तो सोबतच नेणार आहे. एप्रिल ते सप्टेंबर त्या रस्त्यांवर टपाल उशिरा पोचायचं. तक्रार कुणी केली नाही, कारण पत्रं घेणारी मंडळी घराच्या गच्चीवरून सामना बघत असत.

कब्सवाल्याला शत्रूंची यादी तोंडपाठ असते, आणि तीत प्राणी फार. १९०७ आणि १९०८ अशी ओळीने दोन वर्षं कब्सनी वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची अंतिम फेरी, जिंकली आणि मग जिंकणं सोडून दिलं. १९४५ साली अंतिम फेरीत पोचले, तर चौथ्या सामन्याला विल्यम सियानिस नावाचा एक गुत्तेवाला आपला बोकड घेऊन आला. बोकडाला बाहेर काढलं, मालकाने शाप दिला. १९६९ च्या मोसमात कब्स बराच काळ सगळ्यांच्या पुढे होते, तर सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर एक काळं मांजर कब्सच्या रॉन सँटोच्या जवळून गेलं. न्यूयॉर्कचे मेट्स पुढे निघून गेले आणि वर्ल्ड सीरिजही जिंकले. मांजर आडवं जाणं म्हणजे काय, हे अमेरिकेत मला कुणी समजावून सांगावं याचीच गंमत वाटली. मी नुसती मान डोलावली.

२००३ मध्ये प्राणी नव्हता, माणूस होता. अंतिम फेरी पाच बाद दूर होती, तीन धावांची आघाडी होती, आणि कठड्याशी बसलेल्या एका प्रेक्षकाचा हात चेंडूला लागला. पुढे त्याच डावात आठ धावा गेल्या. कब्सच्याच एका क्षेत्ररक्षकाने, शॉर्टस्टॉपने, हातात आलेला चेंडू सांडला तो कुणाच्या लक्षात राहिला नाही, प्रेक्षक मात्र राहिला. मग तो चेंडू लिलावात घेऊन २००४ साली लोकांसमोर स्फोट करून उडवण्यात आला. एवढ्यावर थांबले असते तर ते कब्सवाले कसले? पुढल्या वर्षी चेंडूच्या अवशेषांना उकळलं, त्याची वाफ धरली आणि ती पास्त्याच्या सॉसमध्ये घालून गिऱ्हाइकांना वाढली. आपल्याकडे वास्तुशांत होते, उदकशांत होते. ही चेंडूशांत. शेजाऱ्याने तो पास्ता खाल्लाय. "कसा होता?" तर म्हणे, "बरा होता, पण मधल्या फळीत दम नव्हता."

जगातल्या यच्चयावत गोष्टींवर त्याची मतं तयार असतात आणि सगळी मैदानावरून आलेली असतात. नातवाला गणितात शंभरात एकेचाळीस मिळाले तेव्हा घरात सुतक होतं. हा म्हणाला, "टेड विल्यम्सने १९४१ मध्ये दहातले चार फटके मारले, तर त्याला देव्हाऱ्यात बसवलाय. पोराला आइस्क्रीम द्या." ज्या खेळात दहातून सात वेळा फसणारा माणूस उत्तम बॅटर ठरतो, त्या खेळात मुरलेल्या माणसाला कशाचीच लाज वाटत नाही. संसाराबद्दल त्याचं म्हणणं असं की मोसमात १६२ सामने असतात. एखाद्या मंगळवारी हरलो म्हणून कुणी संघ मोडत नाही. त्याची बायको हे ऐकून शांतपणे म्हणते, "आणि मोसमाबाहेरच्या सामन्यांचं काय?" डॉक्टरने साखर सोडायला सांगितली, तर हा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, मग तिसऱ्याकडे. तिघांनी तेच सांगितलं तेव्हा तीन स्ट्राइक झाले, म्हणजे आपण बाद, असं मानून गोड बंद केलं. हॉट डॉगवर केचप घालणाऱ्याशी तो बोलत नाही. मोहरी, कांदा, टोमॅटो, लोणच्याची काकडी, मिरच्या, वर सेलरीचं मीठ. यात केचपला जागा नाही, आणि ज्याला हे कळत नाही त्याला मतदानाचा हक्क असू नये.

जावई सेंट लुइसचा निघाला, म्हणजे कार्डिनल्सचा. याहून हाडवैर नाही. रिगलीच्या भिंतीपलीकडे प्रतिस्पर्ध्याचा होमरन येऊन तुमच्या हातात पडला तर तो ठेवून घ्यायचा नसतो, परत मैदानात भिरकावायचा असतो. हा तिथला रिवाज. जावयाने एका नाताळात सासऱ्याला लाल स्वेटर दिला. सासऱ्याने तो उलगडून पाहिला, दार उघडलं आणि बर्फात भिरकावला. मुलगी रडली. जावई म्हणाला, "फेक चांगली होती." तेव्हापासून दोघांचं बरं चाललंय.

मैदानातल्या नव्या गोष्टी त्याला सोसत नाहीत. ८ ऑगस्ट १९८८ ला रिगलीवर पहिल्यांदा दिव्यांच्या उजेडात सामना लावला, तो पावसाने पुरा होऊ दिला नाही. खरा पहिला सामना दुसऱ्या दिवशी झाला. "देवाने आपलं मत सांगितलं होतं," तो अजून म्हणतो, "पण मालकांना ऐकू येत नव्हतं." त्याच्या मते बेसबॉल हा कामाच्या दिवशी, भरदुपारी, कामाच्या वेळात बघायचा खेळ आहे. सुटीच्या दिवशी कुणीही बघेल, त्यात कसली निष्ठा?

२०२३ पासून पिचरवर घड्याळ बसवलं. बेसवर कुणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायचा. सामने जवळजवळ अर्धा तास लवकर आटोपू लागले. जगाला आनंद झाला, याच्या घरात मात्र पहिल्यांदाच नवराबायकोचं एकमत झालं. तो म्हणतो, खेळ नासला. ती म्हणते, हा लवकर घरी येतो. मी त्याला समजवायला गेलो की आमच्या क्रिकेटमध्ये पाच दिवस खेळूनही निकाल लागत नाही. मला वाटलं, हसेल. तो खुर्ची ओढून बसला. "मध्ये जेवायला सोडतात?" "हो." "चहा?" "तोही." त्याने बराच वेळ अंगणाकडे पाहिलं आणि विचारलं, "मग हा खेळ आम्ही सोडला कशाला?" धावफलकाचा तक्ता रूढ करणारा हेन्री चॅडविक मुळात इंग्लंडात जन्मलेला क्रिकेटचा वार्ताहर होता, हे मी लगेच घुसडून दिलं. त्याचा विश्वास बसला नाही. पण रात्री त्याच्या खिडकीत उशिरापर्यंत दिवा होता.

आता २०१६. २ नोव्हेंबरच्या रात्री क्लीव्हलंडमध्ये सातवा सामना, आठव्या डावात हातातली आघाडी गेलेली, नऊ डावांनंतर बरोबरी आणि वरून पाऊस. सतरा मिनिटं खेळ थांबला. मग दहाव्या डावात ८-७. एकशेआठ वर्षांनी. बेसबॉलच्या चेंडूवर टाक्यांच्या जोड्याही एकशेआठच असतात, हे शिकागोत तेव्हा शेंबडं पोर सांगत होतं. मी त्याला म्हटलं, आमच्या जपमाळेचे मणीही तेवढेच. "ओढले किती वेळा?" त्याने विचारलं. त्या दिवसांत लोक रिगलीच्या विटांच्या भिंतीवर खडूने नावं लिहीत होते, हा दिवस न बघता गेलेल्या आईबापांची, आजोबांची, काकांची. त्यानेही बापाचं लिहिलं. खाली जागा उरली होती, तिथे एका अनोळखी बाईला तिच्या आजोबांचं लिहायला खडू दिला, आणि तो खडू परत मागून घेतला. घरी आहे.

जिंकल्यावर मात्र त्याचं बिनसलं. शंभर वर्षं जी हाय या घराण्याने सांभाळली, पिढ्यानपिढ्या मुलांच्या हवाली केली, ती एका रात्रीत गेली. आता हरलं की लोक म्हणतात, "अरे, तुमचं झालंय ना एकदा?" पूर्वी बारमध्ये नुसती निळी टोपी बघून कुणीतरी बिअर पाजायचं. आता तिकिटांचे भाव बघून रडायची सोय नाही, कारण जिंकणाऱ्यांनी रडायचं नसतं. त्यात २०२४ साली शिकागोच्याच दक्षिणेकडच्या व्हाइट सॉक्सनी एका मोसमात १२१ सामने हरून दाखवले. आधुनिक काळात एवढं कुणीच हरलं नव्हतं. मी अभिनंदनाला गेलो, वैरी आडवा झाला म्हणून. तो काळवंडला होता. "१९०६ मध्ये आम्ही ११६ जिंकले आणि वर्ल्ड सीरिजमध्ये याच लोकांनी आम्हाला हरवलं," तो म्हणाला. "आता हरण्यातही पुढे गेले. ठेवलंय काय आमच्याकडे?"

माणसाला जरा बरं वाटावं म्हणून मंडळाच्या गणपतीला घेऊन गेलो. शाळेचा हॉल, बूट बाहेर काढलेले, आत तीनशे माणसं. त्याने टोपी काढली नाही, पण पेन्सिल काढली. कब्सवाला कोऱ्या कागदासमोर बसला की स्कोअरकार्ड भरतो, तो त्याचा धर्म. आरती सुरू झाली. पहिली संपली, दुसरी लागली, मग शंकराची, मग देवीची, मग कुणीतरी आठवण करून दिली म्हणून विठ्ठलाची. "घड्याळ नाही?" त्याने माझ्या कानात विचारलं. "नाही." त्याने समाधानाने कागदावर डावांचे चौकोन वाढवले. टाळ चुकवणाऱ्या एका काकांच्या नावे एरर मांडली. मंत्रपुष्पांजलीला आवाज एकदम चढला तसा उठून उभा राहिला; शेजारच्या काकूंना वाटलं भक्ती, मला ठाऊक होतं की सातव्या डावात उभं राहून गायची त्याला सवय आहे.

नंतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं. ते माइकपाशी उभे राहिले, बराच वेळ राहिले. मी त्याच्या कागदात डोकावलो. तिथे एक 'के' होता, उलटा काढलेला. बॅट न हलवता नुसता उभा राहून जो बाद होतो त्याच्यासाठी ती खूण असते. माझ्या पलीकडे बसलेल्या खजिनदारांनी ती समजून घेतली आणि कागदाची झेरॉक्स मागितली.

मोदक त्याने दोन खाल्ले, डॉक्टरांचे तिन्ही स्ट्राइक विसरून. विसर्जन हॉलच्या मागच्या बाजूला, निळ्या प्लास्टिकच्या टबात. पोरं ओरडत होती. त्याने अर्थ विचारला, मी सांगितला.

"पुढच्या वर्षी?" तो दचकलाच. "हे तर आमचं आहे. दर सप्टेंबरात आम्हीही बुडवतो आणि हेच म्हणतो."

"असेल."

"तुमचा येतो?"

"दर वर्षी."

"एकही वर्ष चुकला नाही?"

"नाही."

तो टबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पिचिंग चांगलं असणार."

परतताना गाडीत त्याने पुढच्या वर्षीची तारीख विचारली. मी म्हटलं, तिथीवर असते, अजून बघायला हवी. "लवकर बघ," तो म्हणाला. "त्या दिवशी सामना घरच्या मैदानावर असला तर मला जमायचं नाही. तसं त्याला आधीच सांगून ठेव."