डेस्टिनेशन कर्जत

डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीत सध्या लग्नघर आहे. कन्येचे बाबा आमचे जुने स्नेही. गेल्या महिन्यात ते दोनदा येऊन गेले. आधी पत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला, मग आमची सॅलरी स्लिप मागायला. पतसंस्थेला कर्जासाठी दोन जामीनदार लागतात. एक त्यांचे मेहुणे. दुसरा कोण, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

कन्येची महत्त्वाकांक्षा तशी माफक आहे. तिला श्रीमंत व्हायचं नाही, नुसतं दिसायचं आहे, आणि तेही चारच दिवस. सासर ठाण्याचं, घोडबंदर रोडवरच्या टॉवरातलं. तिकडची मंडळी पहिल्याच बैठकीत म्हणाली, ‘आम्हाला काही नको हो, तुमच्या हौसेने काय ते करा.’ 1961 च्या हुंडाबंदी कायद्याला या वाक्यात बोट ठेवायला जागा सापडत नाही. हुंड्याला निदान आकडा असायचा, घासाघीस व्हायची. हौसेला आकडाच नाही, तर घासाघीस कशावर करणार?

बाबांच्या डोक्यात गावातला हॉल होता. मठ्ठा-जिलबी, दुपारचा मुहूर्त, संध्याकाळी सातला जो तो आपल्या घरी. कन्या म्हणाली, ‘बाबा, हॉलमध्ये कोणी लग्न करतं का हल्ली?’ (आमच्या माहितीप्रमाणे करतात, त्या हॉलची तारीख मिळत नाही.) बोलणी उदयपूरपासून सुरू झाली, गोव्यात थोडी रेंगाळली आणि बजेट मध्य रेल्वेच्या हद्दीत शिरल्यावर कर्जतच्या रिसॉर्टला स्थिरावली. बाबांनी उभा जन्म कर्जत लोकलला शिव्या देण्यात घालवला, कारण ती डोंबिवलीला येते तीच खच्चून भरून. आता त्याच कर्जतला ‘डेस्टिनेशन’ म्हणताना त्यांची जीभ अडखळते.

मग मेहेंदी, हळद, संगीत आणि प्रत्येकाला वेगळा रंग. केळवणाच्या साध्या पाटालासुद्धा फुलांची कमान आणि नावांची पाटी. प्री-वेडिंगसाठी दोघं काशीदच्या किनाऱ्यावर हात धरून धावली. वर ड्रोन होता, आणि ड्रोनवाला तासाचे पैसे घेतो.

पैसा कुठून आला? पीएफला थोरल्याच्या इंजिनिअरिंगच्या वेळीच हात लागला होता. उरलं वहिनींचं सोनं. ते तारण ठेवायला आम्हीही सोबत गेलो होतो. काउंटरपलीकडच्या पोराने पाटल्या कसोटीवर घासल्या, वर ॲसिडचा थेंब सोडला, मग बोरमाळ काट्यावर ठेवली आणि मण्यांतल्या लाखेचं वजन वजा केलं. ‘माझ्या सासूबाईंनी घालताना नव्हतं हो वजा केलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘नियम आहे काकू,’ पोरगा मान वर न करता म्हणाला. रिझर्व्ह बँकेचाही नियम आहे. मोठं कर्ज असेल तर सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांवर रक्कम मिळत नाही. पाटल्या, तोडे, बोरमाळ प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद होऊन आत गेले. त्या पैशातून पहिलं बिल कशाचं भरलं? रिसेप्शनला कन्या जो कुंदनचा सेट घालणार, त्याच्या भाड्याचं. एका रात्रीपुरता, डिपॉझिट वेगळं. वाईट पैसा चांगल्या पैशाला चलनातून हुसकावून लावतो, हा ग्रेशमचा नियम आम्ही कॉलेजात पाठ केला होता. डोंबिवलीत तो डोळ्यांनी पाहिला.

सगळं खापर कन्येवर फोडणं सोपं आहे. तिने ऑफिसातल्या एकेका मैत्रिणीचं लग्न फोनवर पाहिलंय, पण त्या मैत्रिणींच्या बापांचे हप्ते काही फोनवर दिसत नाहीत. आणि बाबा तरी कुठे कमी आहेत? व्याह्यांना सांगताना त्यांनी स्वतःचं घर ‘टू बीएचके’ करून टाकलं. गॅलरी बंद केली आहे, ती एक खोली धरली. व्याहीही त्याच माळेचे मणी. सह्या करायला पतसंस्थेच्या ठाण्याच्या कचेरीत गेलो, तर व्याही त्याच बाकावर, तशीच फाइल मांडीवर घेऊन बसलेले. बाबा म्हणाले, ‘एफडी मोडायला आलो होतो.’ व्याही म्हणाले, ‘आम्हीसुद्धा.’ दोघांनी एकमेकांच्या चहाचे पैसे द्यायचा आग्रह केला. शेवटी चहाचे पैसे आम्ही दिले.

दर 3 जानेवारीला कन्या सावित्रीबाईंचा फोटो स्टेटसला ठेवते. 1873 च्या डिसेंबरात पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, ते सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. हुंडा नाही, भटजी नाही, खर्च जेमतेम. त्या स्टेटसखाली एवढं लिहावं असं मनात आलं होतं, पण जामीनदाराने फार बोलू नये.

रिसॉर्टचा दर माणशी आहे, म्हणून यादीला कात्री लागली. 1954 च्या विशेष विवाह कायद्याला तीन साक्षीदार पुरतात. कन्येला पाहुणे दीडशे हवेत, मात्र फ्रेममध्ये शोभणारे. पहिल्या कापाकापीत चुलत आत्या गेली, दुसरीत आम्ही. तेव्हा बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा लेकीवर आवाज चढवला, ‘अगं, त्यांची सही आहे!’ आमचं नाव परत आलं, पण पिस्ता रंगाचा कुर्ता घालण्याच्या अटीवर. कुर्ता घेतला. त्याची पावती कोणाला द्यायची, हे कोणी सांगितलेलं नाही.

काल पत्रिका हाती आली. मजकूर आम्हीच तपासला होता, तरी तळाशी एक ओळ नंतर घुसली आहे : ‘आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.’ ही कन्येची भर. आहेर घेणं तिला डाउनमार्केट वाटतं. इकडे बाबांनी केटररचं शेवटचं देणं आहेराच्या पाकिटांवर धरलं आहे, आणि लेकीला ते सांगायचा त्यांना धीर होत नाही.

तेव्हा ज्या वाचकांना ही पत्रिका आली असेल त्यांना नम्र विनंती. ती ओळ वाचू नये. पुष्पगुच्छ, फोटोफ्रेम, भिंतीवरचं घड्याळ यांपैकी काहीही आणू नये. पाकीट आणावं, आत रोख असावी, आणि ते स्टेजवर न देता दाराशी उभ्या असलेल्या बाबांच्या हातात ठेवावं. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला आहे. तो चुकला तर पतसंस्थेची नोटीस कर्जदाराबरोबर जामीनदारालाही येते.